खाद्य मिसळलं, पण मिसळलेलं राहिलं का? घरचं लेयर मॅश बनवणाऱ्या नवख्यांसाठी

अंड्यांच्या कोंबड्यांचं (लेयरचं) शेड चालवणारे बरेच जण आता खाद्य, म्हणजे भरडून मिसळलेलं मॅश, घरीच बनवू लागले आहेत. हॅमर मिल (हातोड्यांनी धान्य भरडणारी गिरणी) आणली, मिक्सर बसवला, पोषणतज्ज्ञाकडून फॉर्म्युला घेतला की काम सुरू होतं. मग काही आठवड्यांत एक विचित्र तक्रार समोर येते. पक्षी एकाच वयाचे, बॅच एकच, पाणी तेच, तरी एका ओळीत अंडी पातळ कवचाची आणि शेजारच्या ओळीत ठणठणीत. आधी शंका फॉर्म्युल्यावर जाते, मग प्रिमिक्सवर (व्हिटॅमिन-खनिजांच्या तयार मिश्रणावर), मग मक्याच्या ओलीवर. पुष्कळदा या तिन्हींत काहीच खोट नसते. मिक्सरमध्ये नीट एकजीव झालेलं खाद्य गोणीत, टाकीत, टेम्पोत आणि पन्हाळीत (पक्ष्यांच्या खाद्याच्या लांब भांड्यात) जाताना पुन्हा सुटं झालेलं असतं. मोठे कण एकीकडे आणि बारीक दुसरीकडे जातात.

घरच्या खाद्याबद्दल बोलताना सगळे फॉर्म्युल्यावर तासभर बोलतात आणि मिक्सरच्या तोंडाशी येऊन थांबतात. माझ्या मते निम्मं काम तिथून पुढे सुरू होतं. हा लेख त्याच निम्म्या कामाबद्दल आहे.

## हाताशी काय काय हवं

सुरू करण्याआधी एवढं जमवून ठेवा:

- पोषणतज्ज्ञाने दिलेला एक टनाचा लेखी फॉर्म्युला. तोंडी सांगितलेला चालणार नाही.
- प्रिमिक्स, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) आणि ग्रिटच्या (चुनखडीच्या जाड खड्यांच्या) प्रत्येक लॉटचं लेबल किंवा तपासणी अहवाल.
- बॅच वही: तारीख, बॅच क्रमांक, कुठला माल किती, कुठल्या क्रमाने टाकला, मिक्सर किती मिनिटं फिरला, गोणी कितव्या ते कितव्या.
- मोठा वजनकाटा, आणि सूक्ष्म मालासाठी ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा. १०० किलोच्या काट्यावर ३०० ग्रॅम व्हिटॅमिन मोजता येत नाही.
- चाळण्या: ४ मिमी, २ मिमी, १ मिमी आणि जमल्यास अर्धा मिमी.
- घड्याळ, बादल्या, नमुन्याच्या प्लॅस्टिक पिशव्या, पक्क्या शाईचा मार्कर.
- तोंडाला मास्क. चुनखडीची आणि कोंड्याची धूळ रोज छातीत जाणं बरं नाही.

## १. कण वेगळे का होतात ते आधी समजून घ्या

ही पायरी वाचून सोडून देऊ नका. कारण कळलं की पुढच्या बहुतेक गोष्टी न सांगता सुचतात.

आजी सुपात धान्य घोळायची तेव्हा बारीक खडा एका बाजूला, फोल दुसऱ्या बाजूला आणि टपोरा दाणा तिसरीकडे जमा व्हायचा. कुणी काही निवडत नव्हतं. सूप हलत होतं आणि कण आपापल्या आकाराप्रमाणे, वजनाप्रमाणे जागा शोधत होते. तुमच्या खाद्याला जिथे जिथे हालचाल मिळते तिथे हेच घडतं, फक्त तिथे ते नको असतं.

घडण्याचे मुख्य प्रकार चार आहेत.

पहिला आणि सगळ्यात मोठा: चाळलं जाणं. खाद्य उंचावरून एका जागी पडलं की ढीग होतो. ढिगाच्या उतारावरून माल घसरतो, तेव्हा वाहणाऱ्या थरात कणांमध्ये फटी उघडतात. बारीक कण त्या फटींतून खाली शिरतात आणि लवकर थांबतात, म्हणून ते ढिगाच्या मध्यभागी राहतात. मोठे कण वरच्यावर तरंगत राहतात आणि घरंगळत पायथ्याशी जातात. यासाठी आकारात फार मोठा फरक लागत नाही. मोठा कण बारीक कणाच्या सव्वा-दीडपट असला तरी हे सुरू होतं. आपल्या मॅशमध्ये ३ मिमीचं ग्रिट आणि पिठासारखं मीठ शेजारी असतं, म्हणजे फरक कितीतरी पट.

दुसरा: हादरे. टेम्पोच्या हौद्यात, चालू मोटरच्या शेजारी ठेवलेल्या गोणीत, थरथरणाऱ्या हॉपरमध्ये. प्रत्येक हादऱ्याला मोठा कण क्षणभर उचलला जातो, त्याच्याखाली बारीक कण सरकतात आणि त्याला परत खाली जागा मिळत नाही. तो हळूहळू वर येतो. सुकामेव्याच्या डब्यात सगळ्यात मोठी बी वर दिसते, यावरून शास्त्रज्ञ याला ब्राझील नट परिणाम म्हणतात. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या रोसाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर कण हलवून हे दाखवलं. पुढे १९९३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या प्रयोगांत दिसलं की भांड्याच्या मध्यातून माल वर चढतो आणि भिंतीलगतच्या अरुंद पट्ट्यातून खाली उतरतो. मोठा कण वर येतो आणि त्या अरुंद पट्ट्यात मावत नाही म्हणून वरच अडकतो. म्हणजे एकाच परिणामामागे एकाहून जास्त कारणं आहेत.

तिसरा: हवा. टाकीत माल धाडकन पडला की आतली हवा वर उसळते. पिठासारखी भुकटी त्या हवेबरोबर उठते आणि सगळ्यात शेवटी वर येऊन बसते. म्हणून भरलेल्या टाकीच्या वरच्या थरावर आणि भिंतींवर धुळीची साय दिसते. त्या धुळीत फक्त कोंडा नसतो. व्हिटॅमिन आणि औषधांचे सूक्ष्म कणही असतात.

चौथा: फेक. पट्ट्यावरून किंवा एलिव्हेटरच्या तोंडातून माल बाहेर फेकला जातो तेव्हा मोठे आणि जड कण लांब जातात, बारीक हवेने अडून जवळ पडतात.

आता एक बारकावा, जो बहुतेक ठिकाणी सांगितला जात नाही. आकार मुख्य असला तरी घनताही खेचते. चुनखडीचा कण मक्याच्या कणापेक्षा साधारण दुप्पट जड. ग्रिट मोठं आहे म्हणून वर यायला बघतं आणि जड आहे म्हणून खाली जायला. कोण जिंकेल हे तुमच्या मक्याचा भरडा, ग्रिटचा आकार आणि मालाची ओल यावर ठरतं. त्यामुळे ‘ग्रिट नेहमी तळाशीच बसतं’ किंवा ‘नेहमी कडेलाच जातं’ असं कुणी ठामपणे सांगितलं तर मान डोलवा, पण आपल्या गोणीत मोजून बघा. मोजायचं कसं ते आठव्या पायरीत आहे.

## २. कच्च्या मालाचे आकार जवळ आणा, जिथे आणता येतात तिथे

सगळे कण एका आकाराचे असते तर हा प्रश्नच नव्हता. मग सगळं बारीक दळून टाकावं का? नाही. लेयरच्या खाद्यात इथेच पेच आहे.

अंड्याचं कवच बनायला वीसेक तास लागतात आणि त्यातला बराचसा काळ रात्रीचा असतो. रात्री पक्षी खात नाही. चुनखडीची भुकटी पोटातून लवकर निघून जाते. २ ते ४ मिमीचा खडा मात्र गिझार्डमध्ये (खाद्य दळणाऱ्या जठरात) थांबतो आणि रात्रभर हळूहळू विरघळत कॅल्शियम देतो. म्हणून जाड ग्रिट हवंच, विशेषतः वयस्क पक्ष्यांना. त्याला दळून मक्याच्या आकाराला आणलं तर मिसळणं सोपं होईल आणि कवच बिघडेल.

तेव्हा ग्रिटला हात न लावता बाकीचं जुळवून घ्या:

- मका पीठ होईपर्यंत दळू नका. लेयरसाठी भरडा जाडसर हवा. हॅमर मिलची चाळणी फाटली असेल तर अख्खे दाणे निघतात, आणि हातोड्या झिजल्या असतील तर पीठ आणि तुकडे दोन्ही जास्त निघतात. दोन्ही वाईट.
- सोया पेंडेत गठ्ठे असतील तर ती मिलमधून काढा. पावसाळ्यात हे हमखास होतं.
- मीठ बारीक आणि कोरडं घ्या. जाडं मीठ टनात ३ किलो म्हणजे मोजके खडे. ते कुणाच्या वाट्याला येतील, कुणाच्या नाही.
- ग्रिट विकत घेताना आकार विचारा आणि चाळून बघा. ‘ग्रिट’ म्हणून आलेल्या पोत्यात निम्मी भुकटी असते, असं होतं. भुकटी हवी असेल तर ती वेगळी मोजून टाका.

दर लॉटची मूठभर ग्रिट चाळून वहीत लिहायची सवय लावा. यात पाच मिनिटं जातात आणि वर्षभर वाद वाचतात.

## ३. मिक्सरमधला क्रम आणि वेळ

उदाहरणादाखल एका टनाचा हिशेब धरू. मका ५६० किलो, सोया पेंड २४०, तेलविरहित भाताचा कोंडा ९०, ग्रिट आणि चुनखडी भुकटी मिळून ९५, डीसीपी ६, मीठ ३, आणि मेथिओनिन, लायसिन, सोडा, प्रिमिक्स वगैरे मिळून ६. हा तुमचा फॉर्म्युला समजू नका. आकड्यांचा अंदाज यावा म्हणून दिला आहे.

शेवटचे ६ किलो बघा. त्यातलं एखादं घटकद्रव्य टनाला १ किलो असेल, तर एका पक्ष्याच्या दिवसाच्या ११० ग्रॅम खाद्यात त्याचे ०.११ ग्रॅम यायला हवेत. असा सूक्ष्म माल थेट मिक्सरमध्ये ओतायचा नाही. आधी दहा-वीस किलो बारीक भरड्यात हाताने किंवा छोट्या ड्रममध्ये एकजीव करून घ्या, मग तो मोठ्या मिक्सरमध्ये जाऊ द्या.

क्रम असा ठेवा: आधी मक्याचा निम्मा भाग, मग पेंड आणि कोंडा, त्यावर सूक्ष्म मालाचं तयार मिश्रण, डीसीपी आणि मीठ, मग उरलेला मका, आणि ग्रिट शेवटाकडे. सूक्ष्म माल रिकाम्या मिक्सरच्या तळाशी कधीच टाकू नका. तो पात्याखालच्या फटीत बसून राहतो आणि पुढच्या बॅचला निघतो.

वेळ मिक्सरच्या जातीवर आहे. आडव्या रिबन मिक्सरला शेवटचा माल पडल्यापासून साधारण ३ ते ५ मिनिटं, उभ्या स्क्रू मिक्सरला १२ ते १५ मिनिटं किंवा जास्त. घड्याळ शेवटचा माल पडल्यावर सुरू करा, पहिला पडल्यावर नाही. ‘अजून फिरू दे, नुकसान काय’ हेही बरोबर नाही. आकारात इतका फरक असलेला माल जास्त फिरवला तर काही मिक्सरमध्ये तो पुन्हा सुटू लागतो, आणि वीज जाते ती वेगळीच.

रिबन मिक्सर कसा भरला आहे तेही बघा. पात्याची वरची कड मालातून जेमतेम दिसत राहिली पाहिजे. माल पात्यावर चढला तर वरचा थर हलतच नाही. निम्म्याहून कमी भरला तरी मिसळण नीट होत नाही.

मिक्सर साफ करताना मुख्य स्विच बंद, फ्यूज काढून खिशात. दुसऱ्या कुणाला ‘बटण दाबू नको’ एवढं सांगून आत हात घालू नका. हे मी सगळ्यांना सांगतो आणि पुन्हा पुन्हा सांगतो.

## ४. मिक्सर ते गोण: खरं नुकसान इथे होतं

आता खाद्य एकजीव झालं आहे. इथून पुढे प्रत्येक पडणं, घसरणं आणि हादरणं त्याला सुटं करणार. म्हणून नियम एकच: कमीत कमी हालचाल, कमीत कमी उंची.

सगळ्यात चांगलं म्हणजे मिक्सरच्या तोंडाला थेट गोण लावून भरणं. मधे ढीग नाही, टाकी नाही, एलिव्हेटर नाही. लहान फार्मला हे सहज जमतं, तरी बहुतेक ठिकाणी मिक्सर जमिनीवर रिकामा करून ढीग करतात आणि फावड्याने गोणी भरतात. ढीग झाला की पहिला प्रकार सुरू झालाच. मधे बारीक, पायथ्याशी जाड. फावडं मारणारा माणूस साहजिकच कडेपासून सुरू करतो. पहिल्या गोणी जाड मालाच्या, मधल्या मिठाच्या आणि भुकटीच्या, शेवटी जमिनीवरचं झाडून भरलेलं.

ढीग टाळताच येत नसेल, तर:

१. एक उंच ढीग करू नका. लांब पसरट थर करा, आणि त्यावर आडवा नव्हे, उभा काप घेत गोणी भरा. प्रत्येक फावड्यात वरपासून खालपर्यंतचा सगळा माल यायला हवा.
२. सांडलेल्या कडेची जाड खडी वेगळी ‘शेवटची गोण’ म्हणून बांधू नका. ती पुढच्या बॅचला मिक्सरमध्ये परत टाका आणि वहीत नोंद करा.
३. मिक्सरच्या तोंडाला कापडी नळी बांधा, जी ढिगाच्या किंवा गोणीच्या वर टेकलेली राहील. माल नळीतून दाट दांड्यासारखा उतरतो, उधळत नाही. धूळही कमी होते. जुन्या खाद्याच्या गोणीची शिवलेली नळीसुद्धा चालते.

मिक्सरमधून निघणारा पहिला आणि शेवटचा माल वेगळा असू शकतो. तोंडाजवळच्या कोपऱ्यात पात्यांची पोहोच नसते. म्हणून मिक्सर थांबवायच्या आधी पहिली दहा-पंधरा किलो काढून वरून परत टाका. फार सोपी युक्ती आहे आणि परिणाम लगेच दिसतो.

एवढा खटाटोप कशासाठी, तो हिशेबही बघा. वरच्या उदाहरणात ग्रिट आणि भुकटी मिळून ९.५ टक्के. चुनखडीत कॅल्शियम साधारण ३८ टक्के. ११० ग्रॅम खाणाऱ्या पक्ष्याला त्यातून सुमारे ४ ग्रॅम कॅल्शियम मिळतं, जेवढं त्याला दिवसाला लागतं. एखाद्या गोणीत ते ६ टक्क्यांवर आलं तर पक्ष्याला अडीच ग्रॅमच मिळतात. एका अंड्याच्या कवचातच दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं, आणि पक्षी खाल्लेलं सगळं पचवत नाही. मग तो हाडातून काढून देतो. आज अंडं निघेल, पण पुढे कवच पातळ होईल आणि पिंजऱ्यात पाय गेलेले पक्षी दिसू लागतील. त्याच वेळी दुसऱ्या गोणीवरचे पक्षी जास्तीचं कॅल्शियम खाऊन खाद्य टाळत असतात. मिठाचंही तसंच. जिथे जास्त गेलं तिथे पाणी जास्त पिऊन पातळ विष्ठा, जिथे कमी तिथे टोचाटोची आणि उत्पादनात घट. महिन्याची सरासरी काढली तर दोन्ही गोणी मिळून फॉर्म्युला बरोबरच दिसतो, म्हणूनच हे कागदावर सापडत नाही.

## ५. टाकी असेलच तर

फार्म मोठा असेल तर तयार खाद्याची टाकी टाळता येत नाही. टाकी दोन तऱ्हेने रिकामी होते. एकात सगळा माल एकदम खाली सरकतो. दुसऱ्यात मधोमध नळीसारखा खड्डा पडतो, आधी मधला माल निघतो आणि भिंतीलगतचा सगळ्यात शेवटी ढासळतो. आपल्याकडच्या बहुतेक पत्र्याच्या टाक्या दुसऱ्या प्रकारच्या असतात, कारण त्यांचा खालचा शंकू पसरट असतो.

दोन गोष्टी जोडून बघा. भरताना मधे बारीक आणि कडेला जाड जमा झालं. काढताना आधी मधलं आणि मग कडेचं निघालं. म्हणजे टाकीच्या पहिल्या गोणी बारीक, शेवटच्या जाड. शेडच्या ज्या ओळीला नेहमी शेवटचा माल जातो तिथल्या तक्रारीचं मूळ इथे असू शकतं.

सगळा माल एकदम सरकायचा तर शंकू उभा आणि भिंत गुळगुळीत हवी. हे गणित अँड्र्यू जेनिके यांनी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात बसवलं आणि १९६४ मध्ये प्रसिद्ध केलं. आजही टाक्यांचा आराखडा त्यावरून होतो. नवी टाकी घडवून घेणार असाल तर फॅब्रिकेटरला ‘किती टनाची’ एवढंच सांगू नका. शंकूचा कोन आडव्याशी ६० ते ७० अंश मागा, आतले वेल्ड घासून घ्या, खालचं तोंड मोठं ठेवा. उंची वाढते, पत्रा जास्त लागतो, पैसे जास्त जातात. माझ्या मते ते पैसे वसूल होतात.

जुनी टाकी असेल तर ती अर्ध्याखाली उतरू देऊ नका, भरत राहा. वरचा माल मधल्या खड्ड्यात पडत राहतो आणि फरक थोडा भरून निघतो. आठवड्यातून एकदा मात्र ती पूर्ण रिकामी करा. कडेचा जुना माल पावसाळ्यात तिथेच बुरशी धरतो.

टाकीवर हातोडा मारू नका. हादऱ्यांनी काय होतं ते पहिल्या पायरीत आलंच आहे.

## ६. थोडं तेल

टनाला ५ ते १० किलो खाद्यतेल, म्हणजे अर्धा ते एक टक्का, सोया किंवा राइस ब्रान, सगळा कोरडा माल मिसळून झाल्यावर बारीक धारेने फिरत्या मिक्सरमध्ये सोडा. बारीक कण मोठ्या कणांना चिकटतात, धूळ बसते, हवेने उडणं जवळपास थांबतं. तेलाची ऊर्जाही खाद्यात मोजली जाते, म्हणून पोषणतज्ज्ञाला सांगून फॉर्म्युला बदलून घ्या. एका जागी ओतलंत तर गोळे होतील. आणि तेल टाकल्यावर एखाद-दोन मिनिटं मिक्सर अजून फिरू द्या.

पाणी शिंपडून हेच साधेल असं वाटतं. अजिबात करू नका, बुरशी येते.

## ७. टेम्पो आणि थप्पी

सुटं मॅश हौद्यातून नेऊ नका, गोणीतच न्या. गोण गच्च भरून शिवलेली असावी. अर्धवट भरलेल्या गोणीत कणांना हलायला जागा मिळते. थप्पी चालू मिलच्या शेजारी लावू नका. शेडवर पोहोचल्यावर गोण एकदा आडवी लोळवून, मग उघडून, घमेल्यात ओतण्यापेक्षा तळापासून वर ओढून रिकामी केली तर बरं.

## ८. नमुना आणि चाचणी

इथे सगळ्यात मोठा सापळा नमुन्यातच आहे. ढिगाच्या वरची मूठ घेऊन प्रयोगशाळेत पाठवली तर अहवाल त्या मुठीचा येतो, बॅचचा नाही. वरची मूठ म्हणजे सुट्या झालेल्या मालाचा एक टोकाचा भाग.

नमुना असा घ्या. माल पडत असताना धारेखाली भांडं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवं फिरवा. मधेच धरून ठेवू नका. एका बॅचमधून सुरुवात, मध्य, शेवट मिळून दहा नमुने, प्रत्येकी साधारण अर्धा किलो, वेगवेगळ्या पिशव्यांत, वर गोणीचा क्रमांक. हे दहा नमुने एकत्र करायचे नाहीत. आपल्याला सरासरी नको आहे, फरक हवा आहे.

नमुना कमी करायचा असेल तर तो कागदावर पसरून चपटा करा, चार समान भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन बाजूला काढा. गरजेप्रमाणे पुन्हा तसंच. पिशवीतून वरचं ओतून घेणं म्हणजे पुन्हा सुटं करणं.

घरच्या घरी ग्रिटची चाचणी: प्रत्येक नमुन्याचं वजन समान करा, बादलीत पाणी घालून ढवळा, वरचा मका-कोंडा-पेंड ओतून टाका, पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणं, पाणी स्वच्छ होईपर्यंत. तळाशी ग्रिट उरतं. वाळवा, वजन करा. बारीक भुकटी यात वाहून जाते, त्यामुळे हा आकडा फॉर्म्युल्याशी जुळवू नका. दहा नमुने एकमेकांशी ताडून बघायला तो पुरतो.

मग सीव्ही, म्हणजे नमुन्यांतला फरक सरासरीच्या किती टक्के आहे, तो काढा. मोबाइलच्या एक्सेलमध्ये दहा आकडे टाका, स्टँडर्ड डिव्हिएशनला सरासरीने भागा, १०० ने गुणा. समजा ग्रिटची सरासरी ४० ग्रॅम आणि डिव्हिएशन ४ ग्रॅम, तर सीव्ही १० टक्के. उद्योगात मिठावरून किंवा क्लोराइडवरून ही चाचणी करतात. १० टक्क्यांच्या आत चांगलं, १० ते २० असेल तर मिसळण्याची वेळ वाढवून बघा, २० च्या वर असेल तर यंत्र किंवा पद्धत यात मोठी खोट आहे. ग्रिटसारख्या जाड मालाचा आकडा मिठापेक्षा थोडा जास्त येतो, कारण नमुन्यात खडे मोजकेच असतात.

ही चाचणी दोन जागी करा: एकदा मिक्सरच्या तोंडाशी, एकदा शेडवरच्या उघडलेल्या गोणीत. मिक्सरपाशी आकडा चांगला आणि शेडवर वाईट असेल, तर दोष चौथ्या ते सातव्या पायरीत आहे. मिक्सरपाशीच वाईट असेल तर तिसऱ्या पायरीकडे परत जा. अशा जोडीने केलेल्या चाचणीशिवाय नवा मिक्सर घ्यायला धावू नका. पुष्कळदा मिक्सर बरोबर असतो.

मीठ, कॅल्शियम, प्रथिनांची पक्की तपासणी हवी असेल तर खासगी प्रयोगशाळा आहेत. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालयं शिरवळ, परभणी, उदगीर, अकोला अशा ठिकाणी आहेत. जवळच्या महाविद्यालयातल्या पशुपोषण विभागात चौकशी करा. पाठवताना पिशव्या वेगळ्याच राहू द्या आणि ‘मिसळू नये’ असं चिठ्ठीवर लिहा. प्रयोगशाळेला वाटतं की एकाच बॅचचे नमुने आहेत, एकत्र करून एक अहवाल दिला की झालं.

## ९. पन्हाळीत पोहोचल्यावर

सगळं नीट केलं तरी शेवटची निवड पक्षीच करतो. कोंबडीला जाड कण दिसतात आणि आवडतात. ती आधी मक्याचे तुकडे टिपते आणि पीठ मागे ठेवते. साखळीने खाद्य पुढे सरकवणारी यंत्रणा असेल तर सुरुवातीचे पक्षी जाड माल उचलतात आणि टोकाच्या पक्ष्यांना भुकटी मिळते. अशा वेळी साखळी भराभर आणि पूर्ण फेरी फिरवा, थांबत थांबत नको.

हाताने किंवा ट्रॉलीने खाद्य देत असाल तर एका टोकावरून रोज सुरुवात करू नका, दिवसाआड दिशा बदला. जुन्या पिठावर नवं खाद्य ओतत राहिलं की पन्हाळीच्या तळाशी व्हिटॅमिन-खनिजांची भुकटी साचून राहते आणि पक्ष्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून दुपारी पक्ष्यांना पन्हाळ जवळजवळ साफ करू द्या. तासभर रिकामी दिसली तरी घाबरू नका. उन्हाळ्याच्या दिवसांत मात्र दुपारी पक्षी खात नाही, तेव्हा ही साफसफाई सकाळच्या थंड वेळेत येईल असं वेळापत्रक बसवा.

वयस्क पक्ष्यांच्या ग्रिटचा काही भाग मिक्सरमध्ये न टाकता वेगळा ठेवून तो संध्याकाळी पन्हाळीवर हाताने पसरणारेही आहेत. कवच बनायच्या वेळेला जाड कॅल्शियम थेट मिळतं आणि मिसळायचं, सुटं व्हायचं झंझट तेवढ्यापुरतं संपतं. माणूस विश्वासू हवा आणि माप ठरलेलं हवं: ओळीतले पक्षी मोजा, पक्ष्यामागे ग्रॅम ठरवा, तेवढं एका डब्यात मावेल अशी खूण करा. जेवढं ग्रिट बाहेर काढलं तेवढं फॉर्म्युल्यातून वजा करायला पोषणतज्ज्ञाला आधी फोन करा.